सदतिसाच्या पाठीवर बारा

सगळा ग्रुप जिला 'नकली ताई' म्हणायचा, ती बाई स्वतः मात्र बावनकशी होती. छत्तीस वर्षं छापखान्यात काढलेली. तावांची चळत मशीनवर लावण्यापासून सुरुवात केली आणि शेवटची बारा वर्षं छापून आलेला प्रत्येक ताव भिंगाखाली धरून 'हा पास, हा रद्दी' असं म्हणण्यात घालवली. निवृत्त झाली तेव्हा सहकाऱ्यांनी तिला तेच भिंग डबीत घालून भेट दिलं आणि म्हणाले, "घरी आता भाजी तपासा!" तिने खरंच तपासली. आठवडाभरात भाजीवाला तिला लांबून पाहिलं की पाठ फिरवायला लागला.

तिच्या धाकट्या भावाला घरात चेंडू म्हणत. लहानपणी तो चेंडूमागे धावायचा म्हणून हे नाव पडलं. पासष्टीला आल्यावर पोटाकडे बघून लोकांना ते आणखीच पटायचं. पाण्याचे मीटर वाचण्यात त्याची नोकरी संपली होती, पण आयुष्यातली एक नोंद रिकामी राहिली होती. तो नऊ वर्षांचा असताना च्युइंगमच्या पाकिटातून फुटबॉल खेळाडूंची कार्डं मिळायची. पुढे रंगीत चित्र, मागे नंबर आणि खेळाडूची माहिती. एकूण अठ्ठेचाळीस. चेंडूने दाढा खिळखिळ्या होईपर्यंत च्युइंगम चघळलं आणि सत्तेचाळीस जमवली. राहिला तो सदतीस नंबर, पिवळ्या जर्सीत हवेत आडवा झेपावलेला गोलकीपर. पुढे तो कारखाना बंद पडला, च्युइंगम गेलं, आणि छप्पन्न वर्षं गोलकीपर काही हाती लागला नाही.

मग मोबाइलवर लिलाव सुरू झाले, आणि जो गोलकीपर जन्मात दिसला नव्हता तो दर पंधरवड्याला विकायला येऊ लागला! चेंडूला आनंदाने घाम फुटायचा. तो फोन घेऊन दोन गल्ल्या पलीकडे ताईकडे पळत यायचा, ताई फोटो मोठा करून त्यावर भिंग धरायची आणि म्हणायची, "नकली."

"अगं, पण त्याला घडीसुद्धा पडलीय! जुनं नसतं तर घडी कशी पडली असती?"

"घडी पडलेली नाही रे, छापलेली आहे. खऱ्या घडीवरचा रंग उडतो, आत पांढरा कागद दिसतो. ही बघ, घडीवरसुद्धा पिवळा रंग कसा गुळगुळीत! कुणीतरी घडीसकट फोटो काढून छापलंय."

पुढच्या वेळी चारही कोपरे अगदी एकसारखे झिजलेले. ताई म्हणाली, "चार भावंडं एकाच दिवशी म्हातारी होतात का?" त्याच्या पुढच्या वेळी मागची अक्षरं बारीक ठिपक्यांची बनलेली निघाली, तेव्हाची अक्षरं भरीव काळ्या शाईत छापलेली असत, ठिपके फक्त चित्रात. एकदा तर दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या कार्डांवर एकाच जागी, एकाच आकाराचा चहाचा डाग. "दोघांनी एकाच कपातून सांडला वाटतं," असं ताईने सरळ ग्रुपवर लिहिलं, आणि दोन्ही लिलाव तासाभरात गायब झाले.

हा ग्रुप म्हणजे अशी कार्डं जमवणाऱ्या शंभरेक हौशी लोकांचा. त्यांचा म्होरक्या एक दंतवैद्य. कार्डाचा फोटो आला की तो आधी 'आ करा' म्हणतो की काय, अशा थाटात तपासायचा. त्यानेच ताईचं बारसं केलं. ताईने एकामागून एक अकरा गोलकीपर बाद केले, तेव्हा त्याने लिहिलं, "नकली ताई, तुमच्या जन्मदाखल्याला तरी पास केलंत का?" ताईने उत्तर दिलं, "शिक्का जरा सरकलाय. पण चालेल म्हटलं."

चेंडू मात्र खचत चालला. प्रत्येक 'नकली' ऐकून त्याचा चेहरा हवा गेलेल्या चेंडूसारखा व्हायचा. "ताई," एकदा तो म्हणाला, "खरं कार्ड समोर आलं, तर तुझ्या तोंडातून शब्द तरी निघेल का गं? सवयीने नकलीच म्हणशील." ताई हसली, पण ते तिला लागलं. रद्दी काढायची सवय झालेल्या माणसाला चांगला ताव ओळखू येईनासा होतो, हे तिने छापखान्यात पाहिलेलं होतं.

आणि एका मंगळवारी दुपारी बारावा गोलकीपर आला.

विकणारी एक लाँड्रीवाली बाई होती. खाली तिने लिहिलं होतं, "वडिलांच्या बटणांच्या डब्यात सापडलं. मला यातलं काही कळत नाही." पुढचा फोटो झकास. पण मागचा फोटो पाहून ग्रुपवर हशाच पिकला. मागचा मजकूर उलटा, डोकं खाली पाय वर! शिवाय तो गोलकीपरचा नव्हताच. बारा नंबरचा, म्हणजे एका डाव्या विंगवाल्याचा. दंतवैद्याने लिहिलं, "चोराला धड चोरीसुद्धा जमेना! दुसऱ्याची पाठ आणून चिकटवली, तीही उलटी." लिलाव पाच वाजता संपणार होता आणि बोली एकाचीही नव्हती.

चेंडू सव्वातीनला ताईकडे आला तो सोफ्यात कोसळलाच. "करमणूक म्हणून बघ," म्हणाला. "आणि काय म्हणायचं ते म्हणून टाक."

ताईने भिंग धरलं. तोंड उघडलं. 'न' ओठांवर आला आणि तिथेच थांबला.

तिने लाँड्रीवालीला फोन लावला. "बाई, त्या कार्डाच्या कडेचा फोटो पाठवता का? जाडीचा. अगदी जवळून."

"आणखी फोटो? मी इस्त्री करू की फोटो काढू? सकाळपासून लोक नुसते हसणारे मेसेज पाठवतायत. खोटं असलं तर सांगून टाका, डब्यात टाकते परत."

"डब्यात टाकू नका. फोटो काढा. आणि इस्त्री बंद करून काढा."

फोटो आला. कड एकसंध होती. दोन कागद चिकटवले असते तर मधे रेघ दिसली असती; इथे केसाएवढीही नव्हती. म्हणजे पुढची आणि मागची बाजू एकाच कागदावर छापलेली. आणि अक्षरं? भरीव, काळीभोर, कडा धारदार. ताई उभी राहिली. चेंडूने तिला इतक्या वर्षांत असं उठताना पाहिलं नव्हतं. गुडघे दुखतात हेसुद्धा ती विसरली.

"चेंडू, हत्ती!" ती म्हणाली.

"कोण, मी?"

"तू नाही रे! नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी प्राण्यांची कार्डं छापायला लावली होती. एका तावावर सगळे प्राणी. एक बाजू झाली की चळत पलटायची आणि मागची बाजू छापायची. याला पाठपोट छपाई म्हणतात. ताव कुशीवर वळवायचा असतो, असा, झोपेत कूस बदलतो तसा. मी त्याला कोलांटी मारायला लावली! आठशे ताव होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. हत्तीच्या मागे पेंग्विनची माहिती, तीही उलटी. 'हा पक्षी बर्फावर पोटाने घसरतो.' मशीनमन मामा हसून हसून स्टुलावरून पडले, म्हणून माझी नोकरी वाचली."

"मग?"

"मग काय! उठ. तुझी सत्तेचाळीस कार्डं बाहेर काढायची आहेत."

दोघं चेंडूच्या घरी पोचली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. भावजय दारातच पोचा घेऊन उभी. "वन्सं, फरशी ओली आहे. जमिनीवर एक कार्ड ठेवाल तर याद राखा."

"मग पलंग दे."

पलंगावर चादर ताणून तिघांनी कार्डं मांडली. ताव कसा होता ते चेंडूच्या संग्रहानेच सांगितलं, कारण काही कार्डं वाकडी कापली गेली होती आणि त्यांच्या कडेला शेजाऱ्याची पट्टी आली होती. वीस नंबरच्या उजव्या कडेला एकवीसची लाल बाही. अकराच्या खाली एकोणीसचे केस. म्हणजे एका ओळीत आठ, एकाखाली एक सहा ओळी. सगळी मांडून झाली आणि पाचव्या ओळीत एकच खिंडार राहिलं. सदतीस.

भावजयीने त्या लिलावातलं काहीही पाहिलेलं नव्हतं, आणि चेंडू बोलायला तोंड उघडत होता. ताईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "तू गप्प. हिला सांगू दे. हे बघ गं, हा अख्खा ताव. याने कोलांटी मारली, तर पहिल्याच्या पाठीवर कोण येईल?"

"शेवटचा. अठ्ठेचाळीस."

"दुसऱ्याच्या?"

"सत्तेचाळीस. तिसऱ्याच्या सेहेचाळीस. अहो, सोपं आहे की, बेरीज एकोणपन्नास." हिशेबात भावजयीचा हात कुणी धरत नसे.

"आणि सदतिसाच्या?"

"बारा," भावजय म्हणाली. "का? काय झालं? अहो, हे असे का करताहेत?"

कारण चेंडू ओल्या फरशीवर नाचत होता. पासष्ट वर्षांचा, एकशे पाच किलोचा गृहस्थ एका पायावर गिरकी घेत 'बारा! बारा!' म्हणत होता, आणि तो घसरला तेव्हा पोच्याची बादलीही त्याच्यासोबत गेली. पण पडल्या पडल्यासुद्धा त्याने फोन वर धरला होता. तिथूनच, पाण्यात बसून, त्याने पहिली बोली लावली. तेव्हा साडेचार झाले होते.

आणि ताई दारापाशी उभी राहून ग्रुपवर काहीतरी लिहीत होती.

"काय लिहितेस?"

"खरं आहे म्हणून. कारणासकट."

"ताई! आत्ता? पाच वाजू दे की! कोणी बोली लावत नाहीये, अजून अर्धा तास गप्प बसलीस तर तुझं काय जातंय?"

ताईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मी अकरा वेळा नकली म्हणाले ते सगळ्यांसमोर म्हणाले. आता खरं म्हणायची वेळ आली तर तुझ्या एकट्याच्या कानात सांगू? आणि त्या इस्त्रीवालीला काय, लोकांनी उगाच हसतच राहायचं?" आणि तिने मेसेज पाठवून दिला.

छप्पन्न वर्षांची वाट एका बोटाच्या टोकावर आली. चेंडूचा चेहरा पडला. भावजय त्याच्या शेजारी तशीच ओल्यात बसली आणि म्हणाली, "लावा हो तुम्ही. कुणी आलंच तर बघू."

ग्रुपवर आधी हसण्याची चित्रं आली. नकली ताई 'खरं' म्हणते, म्हणजे थट्टाच! पण दंतवैद्य हसला नाही. त्याच्याकडे सगळी अठ्ठेचाळीस होती, आणि पेशंटला आ करायला लावून खुर्चीत तसंच बसवून तो औषधांच्या ट्रेमध्ये कार्डं मांडत होता, हे पुढे त्याच्याच कंपाउंडरने सांगितलं. पाचला चार मिनिटं असताना त्याची बोली आली. चेंडूने वाढवली. दंतवैद्याने वाढवली. भावजयीने नवऱ्याचा फोन हिसकावला आणि डोळे मिटून वाढवली. "किती लावलेस?" "विचारू नका!" शेवटच्या मिनिटात दंतवैद्याचं काहीच आलं नाही, कारण पेशंटला राहवलं नाही आणि त्याने तोंड मिटलं; मिटताना डॉक्टरांचं बोट आतच होतं.

पाच वाजले. कार्ड चेंडूचं झालं.

चार दिवसांनी पाकीट आलं. लाँड्रीवालीने कार्ड दोन पुठ्ठ्यांमधे घालून, वरून कडक इस्त्रीच्या शर्टासारखी कागदाची घडी घालून, कागदाला टाचण्या लावून पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी: "आभार. आता हसणारे मेसेज बंद झालेत." ताईने नोटा तपासायचा निळा टॉर्च कार्डावर मारला. नवा कागद त्या उजेडात चमकतो. हा गप्प राहिला, म्हाताऱ्या माणसासारखा. मग भिंग. ती इतका वेळ बघत राहिली की चेंडूने श्वास घ्यायचं सोडलं.

"पास," ताई म्हणाली, आणि चष्मा काढून पुसला.

चेंडूने दोन्ही हातांच्या ओंजळीत कार्ड घेतलं. पिवळी जर्सी, आडवी झेप, बोटांच्या टोकाला लागलेला चेंडू. मग त्याने ते पलटलं, उलटं धरलं आणि मोठ्याने वाचायला लागला, आणि अर्ध्यातच थांबला.

"अगं, पण हे तर मला पाठ आहे! हा बाराचा डावा विंगवाला! जन्म कुठला, गोल किती, सगळं नऊ वर्षांचा असल्यापासून पाठ!" त्याने हताशपणे वर पाहिलं. "मग माझ्या गोलकीपरची माहिती काय? छप्पन्न वर्षं मी वाट बघितली, आणि तो कुठे जन्मला तेसुद्धा कळलं नाही!"

आधी भावजय फुटली. मग ताई, पोट धरून, पलंगाच्या कडेला टेकून. चेंडू सगळ्यांत शेवटी हसला आणि सगळ्यांत जास्त वेळ हसला.

"ग्रुपवर विचारू का डॉक्टरांना?" भावजयीने डोळे पुसत विचारलं. "त्यांच्याकडे सरळ सदतीस आहे. वाचून दाखवतील."

"खबरदार!" चेंडू ओरडला. "ताई, तो ताव. तशा एका तावावर बारा नंबरसुद्धा असणारच ना?"

"असणारच."

"आणि त्याच्या पाठीवर?"

"तुझा गोलकीपर," ताई म्हणाली. "उलटा."

चेंडूने गोलकीपरला पलंगावरच्या उशीवर अलगद निजवलं, फोन उघडला आणि बारा नंबर शोधायला लागला.