तीन घरांची मुलगी

तुमच्या मुलीला पोलिसांनी विचारलं, "राहतेस कुठे?" आणि तिनं खरं ते सांगितलं, तर तिला कोंडतील का? नाही ना? मग कांजीबाईच्या भाचीला का कोंडलं, ते ऐका.

कांजीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पोलीस ठाण्याच्या मागच्या गल्लीत लाँड्री आहे, तिथे ती सतरा वर्षं इस्त्री करते. कॉलरला अशी कांजी देते की गबाळा हवालदारसुद्धा ताठ दिसतो, म्हणून हे नाव. दिवसाला साठ-सत्तर गणवेश. उभं राहून राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगल्यात, पण तोंड काही थकत नाही.

भाची पंधरा वर्षांची. आई नाही, बाप लांब रस्त्याच्या कामावर. आम्ही आदिवासी माणसं. आमच्यात असलं पोर कुणा एकाच्या गळ्यात पडत नाही, सगळ्यांचं होतं. अभ्यासाला ती आत्याकडे, म्हणजे कांजीबाईकडे, कारण तिथे लाइट चांगला. झोपायला आजीकडे, कारण आजीला एकटीला झोप येत नाही. जेवायला थोरल्या काकूकडे, कारण काकूचा हात सढळ. तिन्ही घरं हाकेच्या अंतरावर.

एका दुपारी ही आणि हिची वर्गमैत्रीण, औषधवाल्याची मुलगी, शिकवणीच्या सरांची स्कूटर न विचारता घेऊन निघाल्या. चूक केली, मी पांघरूण घालत नाही. चालवत होती औषधवाल्याची, मागे बसली होती आमची. वळणावर भिंतीला धडकल्या, पुढचा दिवा फुटला, दोघींना ठाण्यात नेलं.

औषधवाला आला. साहेबांनी खुर्ची दिली, मुलीला समज दिली, तासाभरात बापलेक घरी. आमच्या पोरीला हवालदारानं विचारलं, "राहतेस कुठे?"

"आत्याकडे. झोपते आजीकडे. जेवते काकूकडे."

"एक काहीतरी सांग."

"तिन्ही सांगितली की."

मोठ्या माणसानं विचारलं तर काही लपवायचं नाही, हे आम्हीच तिला शिकवलेलं. हवालदारानं लिहिलं: पक्का ठिकाणा नाही, घरी देखरेख नाही. एवढ्या दीड ओळीवर पोर निरीक्षणगृहात. तारीख अकरा दिवसांनी.

कांजीबाईला कळलं तेव्हा तिच्यासमोर त्याच हवालदाराचा शर्ट होता. लाँड्रीचा मालक घाबरला.

"बाई, शर्ट जाळू नका हं."

"शर्टानं काय केलंय? इस्त्री हवालदाराच्या डोक्यावर फिरवायला हवी होती. सगळ्या सुरकुत्या तिथेच आहेत."

शर्ट तिनं स्वतः नेऊन दिला आणि ठाण्याच्या काउंटरपुढे तासभर उभी राहिली. कुणी मान वर केली नाही.

अकरा दिवस तिला चैन नव्हतं. इस्त्री ठेवायची, दारापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा ठेवायची. काम सोडून निरीक्षणगृहाच्या फाटकाशी दोनदा गेली. "भेट रविवारी," एवढंच उत्तर.

तारखेच्या दिवशी सरकारनं दिलेली वकीलबाई पोरांच्या कोर्टाच्या जिन्यात भेटली. चांगली होती, पण घाईत.

"ताई, एकच पत्ता सांगा, तुमचा. आजी-काकूचं नाव काढू नका. आज सुटेल."

"आजी बाहेर बाकावर बसलीय. तिला काय सांगू, तू कुणी नाहीस?"

"आजच्यापुरतं हो."

"पोर खरं बोलली म्हणून आत गेली. मी खोटं बोलून तिला बाहेर काढू? म्हणजे तीच खोटी ठरली."

आत न्यायाधीश मॅडमनी विचारलं, "मुलीची जबाबदारी कोणाची?"

"तिघींची. दोघी बाहेर आहेत, बोलावते." आणि कारकून "शूऽऽ" करेपर्यंत हिनं दारातून हाक मारलीसुद्धा.

"म्हणजे कुणा एकीची नाही?"

"मॅडम, तुम्हाला काय एकट्या आईनं वाढवलं?"

वकीलबाईनं कपाळाला हात लावला. मॅडम मात्र चिडल्या नाहीत. मग आदेश दिला: कोर्टाच्या अधिकाऱ्यानं तिन्ही घरं बघून अहवाल द्यावा, तोवर मुलगी आतच. पुढची तारीख चौदा दिवसांनी.

वस्तीतले लोक कांजीबाईला अजून बोलतात. तोंड आवरलं असतं तर पोर त्याच दिवशी घरी आली असती म्हणे. मला हे ऐकलं की तिडीक येते. तिला कसला जाब विचारता? औषधवाल्याला कुणी विचारलं होतं का, मुलगी जेवते कुठे, झोपते कुठे? त्याचं घर बघायला कोण गेलं?

अहवाल चांगला आला. तिन्ही घरांत मुलीचे कपडे, तिन्ही घरांत तिची वाट बघणारी माणसं. पंचविसाव्या दिवशी पोर सुटली. मधल्या दिवसांत वार्षिक परीक्षा होऊन गेली. स्कूटर चालवणारीनं सगळे पेपर दिले. मागे बसलेली त्याच वर्गात राहिली.

आता ती आत्याचं घर सोडत नाही. काकूनं ताट वाढून हाक मारली तर म्हणते, "इकडेच पाठव." आजी न्यायला आली तर उंबऱ्याच्या आतूनच, "नको आजी. कुणी विचारलं तर?" आजी थोडा वेळ उभी राहते, मग आपली परत जाते. आमची सोंगटी एका घरात बसवून झाली, कागद खूश.

तुमच्या शहरातही पोरांसाठीचं असं कोर्ट आहे. एक सकाळ काढा आणि त्याच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसा. कुणाचं पोर बापाबरोबर जिना उतरतं आणि कुणाचं पोलिसांच्या गाडीत चढवतात, ते डोळ्यांनी बघा. आमच्यातलं कुणी तिथे एकटं उभं दिसलं, तर उठा आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.