पृथ्वीतर्फे निवेदन

फोन बनवणाऱ्या कंपनीत त्याला सगळे पर्यावरणभाऊ म्हणत. काम एवढंच, की कंपनीनं जे काही केलं ते पृथ्वीसाठीच कसं केलं, हे लिहायचं. फोनच्या खोक्यातून चार्जर काढून टाकला, तेव्हा त्यानं लिहिलं, ‘झाडांसाठी एक पाऊल.’ मग तोच चार्जर वेगळ्या, जरा मोठ्याच खोक्यातून विकायला आला. त्या खोक्यावर हिरवं पान छापायचं यानंच सुचवलं.

कंपनीच्या चार्जरची पिन सगळ्या जगापेक्षा वेगळी. दुसऱ्या कुणाची वायर त्या फोनला लागेल तर शपथ! सगळ्या फोनना एकच पिन हवी, अशी ओरड सुरू झाली, तेव्हा त्यानं लिहिलं, की जुन्या वायरी फेकाव्या लागतील, कचऱ्याचे डोंगर उभे राहतील. इतकं कळवळून लिहिलं, की टाइप करताना त्याचेच डोळे पाणावले.

मग तसा कायदाच आला. मोठ्या मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

“नव्या फोनला सगळ्यांसारखीच पिन येतेय. त्यानं कचरा कमी होईल, असं लिहा.”

“पण मॅडम, गेल्याच वर्षी आपण...”

“गेलं वर्ष गेलं. आणि कायद्याचं नाव काढायचं नाही. आपल्याला आतून वाटलं म्हणून करतोय.”

त्यानं आतून वाटल्यासारखं लिहून दिलं.

नव्या फोनच्या समारंभाला घरच्यांनाही आमंत्रण होतं. बायकोची ड्यूटी होती, म्हणून तो सासऱ्यांना घेऊन गेला. सासऱ्यांनी जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेली. सिद्ध केल्याशिवाय त्यांच्या गळी काही उतरत नसे. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. “काही प्रश्न?” असं मॅडमनी आपलं रीत म्हणून विचारलं, आणि सासरे उठले.

“मागच्या वर्षी पिन बदलली तर कचरा वाढणार होता. यंदा बदलली तर कमी होणार आहे. हा कचरा नेमकं ऐकतो तरी कुणाचं?”

सभागृहात खसखस पिकली. मॅडम गोड हसल्या. “छान प्रश्न! आमचे पर्यावरणभाऊच सांगतील.”

माइक त्याच्या हातात आला. पृथ्वीबद्दलची ढीगभर वाक्यं तोंडपाठ, पण ऐनवेळी एक जिभेवर येईल तर ना! समोर सासरे, उत्तराची वाट पाहत, फळ्यापाशी उभे असल्यासारखे.

“कायद्याचं,” तो म्हणाला.

त्या दिवसातल्या खऱ्या टाळ्या तेवढ्याच.

“जावईबापू, माझ्यापायी नोकरी जाणार की काय तुमची?” घरी येताना सासऱ्यांनी विचारलं.

“गेली तर गेली, बाबा,” तो म्हणाला, आणि दोघंही रस्ताभर फिदीफिदी हसत राहिले.

नोकरी काही गेली नाही. माणूस काढला तर बोभाटा होतो. बदलीचा होत नाही. त्याला तळमजल्यावर, फोनसोबतच्या माहितीपुस्तिका लिहायला बसवलं. ‘फोन पाण्यात बुडवू नये.’ ‘ओल्या हातानं वायर लावू नये.’ महिन्याभरात त्याची भूक सुधारली, सासऱ्यांशी पत्ते खेळताना तो जिंकायलाही लागला.

‘चार्जर सोबत मिळत नाही, वेगळा घ्यावा,’ हेही त्यानंच लिहिलं. का, ते लिहिलं नाही. कारणं पुरवायला वरच्या मजल्यावर नव्या बाई रुजू झाल्या होत्या.