कामोग्लीला स्वखुशीने

सदाशिव गेल्याचे मला हिरूने सांगितले. सकाळी मी छापखान्यात मुद्रिते तपासत होतो. हिरू म्हणजे खाडीकाठच्या मिठागरात राबणारा, सदूचा शेजारी. तो उंबऱ्याबाहेरच थांबला आणि म्हणाला, "बामनदादा, चल लवकर. सदूदादा काय बोलत नाय." मी धावत पोहोचलो, तोवर हिरूच्या बायकोने सदूचे डोळे मिटले होते. त्याच्या तिरडीला चार खांदे मिळाले, एक माझा आणि तीन मिठागरातले. ठाण्यात आमच्या जातीची आळी आहे. आम्ही तिथून गेलो तेव्हा दारे लोटलेली होती. एका दाराच्या फटीत मला डोळा दिसला. ज्या सुधारकांनी वाचनालयात परदेशगमनावरच्या व्याख्यानाला टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांच्यापैकी एकाला कोर्टाचे काम निघाले, दुसऱ्याला सर्दी झाली. अग्नी मी दिला. त्याला आज पाच आठवडे झाले. राग निवल्यावर लिही, असे मला पुष्कळांनी सांगितले. राग निवलेला नाही, म्हणून लिहितो आहे.

सदू शूर नव्हता, हे आधीच सांगतो. आम्ही दोघे कल्याणचे, एका शाळेतले. मास्तरांनी छडी उचलली की मी वाद घालायचो आणि सदू हात पुढे करून डोळे मिटायचा. "लवकर संपतं रे," म्हणायचा. पुढे मी पत्रके वाचून बिघडलो आणि तो मुंबईच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे कारकून झाला. धन्याच्या गठ्ठ्यांवरून इटलीत जेनोवा बंदरात तंटा उभा राहिला, तेव्हा कागदपत्रे सांभाळायला म्हणून धन्याने त्याला आगबोटीवर बरोबर घेतले. निघताना त्याच्या आईने, आमच्या काकूंनी, पितळी डबा भरून भाजके पोहे आणि मेतकूट दिले. काकू विधवा, दिराच्या घरात राहणाऱ्या. दीर, म्हणजे सदूचे चुलते तात्या, कल्याणात आमच्या ज्ञातीचे मुख्य पंच. त्यांनी डबा पाहिला आणि न पाहिल्यासारखे केले. पगार घरात येणार होता ना!

जेनोवात काम आटोपले आणि बोट सुटायला एक दिवस उरला. धनी झोपला. सदू स्टेशनावर गेला आणि त्याने कामोग्ली नावाच्या गावाचे तिकीट काढले. का, तर फलाटावरच्या एका म्हाताऱ्याने बोटाने समुद्र दाखवून स्वतःचीच बोटे चुंबली होती! गाडी डोंगराच्या कडेने जाते, तो सांगायचा. बोगदा, मग समुद्र, पुन्हा बोगदा, पुन्हा समुद्र... "आपल्या मुंब्र्याचा बोगदा कसा, आत जाताना सगळे गप्प होतात, तसेच तिथेही होतात रे!" गाव म्हणजे पाण्यातून वर आलेली उंच घरांची भिंत, पिवळी, गुलाबी, विटकरी. पुष्कळ खिडक्या खऱ्या नव्हेत, भिंतीवर नुसत्या रंगवलेल्या. खाली कोळणी जाळी वाळवत बसलेल्या. त्या वासाने त्याला आपली खाडी आठवली. तो धक्क्याच्या पायरीवर बसला आणि त्याने डबा उघडला. एका कोळणीने त्याला लिंबू दिले. ते पोह्यांवर पिळून त्याने खाल्ले. संध्याकाळच्या गाडीने परत. त्याच्या उभ्या आयुष्यातली चैन ती एवढीच.

तो परतला आणि ज्ञातीत ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभे राहिले. समुद्र ओलांडला, म्हणजे वाळीत. पण तात्यांनी तोड काढली, पगार कोणाला नको होता? "असं लिहून दे," ते म्हणाले, "की धन्याने नेलं, निरुपाय होता, स्वतःच्या मर्जीने पाऊल टाकलं नाही. पंचगव्य घे आणि मोकळा हो." सदू तयार झाला. मी त्याला भेकड म्हटले, आणखीही बरेच म्हटले. तो म्हणाला, "अरे पत्रकबहाद्दर, मला आईच्या हातची आमटी हवी आहे. तुझ्या पत्रकाला फोडणी देता येते का?"

इथे मी जे केले ते स्पष्ट लिहिले पाहिजे. इतरांवर आसूड ओढायचा आणि स्वतःची पाठ झाकायची, हा धंदा मला करायचा नाही. सदूने कामोग्लीची हकिगत मला वाचायला म्हणून लिहून दिली होती. सही व्हायच्या आठवड्यात मी ती आमच्या साप्ताहिकात त्याच्या नावानिशी छापली. त्याला विचारले नाही. आणि शेवटी एक वाक्य माझ्या पदरचे जोडले : 'हा प्रवास मी कोणाच्या हुकमाने नव्हे, स्वखुशीने केला.'

तात्या अंक घेऊन ठाण्याला सदूच्या आळीतल्या खोलीवर आले. मी तिथेच होतो. "पोटासाठी गेलास, ते समजू," ते अंक आपटून म्हणाले. "मौजेसाठी गेलास? गाडीत बसून गाव बघायला? आता छापून दे की हे सगळं खोटं आहे." सदूने माझ्याकडे पाहिले. ते वाक्य विष्णूचे, म्हणजे माझे, आहे, एवढे तो म्हणाला असता तर सुटला असता. मी वाट पाहत होतो. स्वतः तोंड उघडले नाही... सभांमध्ये न थकणारे माझे तोंड! शेवटी सदूच बोलला. "तात्या, बोटीवर धन्याने नेलं. पण त्या गावाला मीच गेलो. छान होतं हो गाव."

तात्या गेल्यावर तो मला म्हणाला, "तू लिहिलंस ते खोटं असतं तर मी सही केली असती." आणि थोड्या वेळाने, "पण मला विचारायचं होतंस रे."

त्यानंतर आळीतली खोली सुटली, व्यापाऱ्याने वरचे, जास्त पगाराचे काम काढून घेतले, आणि हिरूने आपल्या घराशेजारची खोली त्याला दिली. हिरूची बायको रोज त्याचे मडके भरून ठेवू लागली. दर रविवारी तो आगगाडीने कल्याणला जाई आणि तात्यांच्या अंगणात उभा राही. काकू पडवीत. मध्ये तुळशीवृंदावन. त्याच्या हातचे पाणी घेतले तर त्यांचेही अन्न-पाणी बंद होईल, अशी तात्यांची तंबी होती. हातात हात नाही, पायांवर डोके नाही. सदू हसून सांगे, "मी दर रविवारी परदेशी जातो. कामोग्लीत मला बसायला पायरी तरी दिली होती."

मग विषमज्वर आला. ताप चढला की विचारायचा, "कल्याणची गाडी आली का?" मी तार केली. तार तात्यांच्या हाती पडली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि पंचांगात ठेवली. काकूंना कळले तेव्हा सदूची राख खाडीत मिसळून गेली होती. या माणसाला उद्याही लोक मुहूर्त विचारायला जातील. शास्त्राचा कोणता श्लोक आईपासून तार लपवायला सांगतो, तो त्यांनी मला दाखवावा. मी आमच्या अंकात पहिल्या पानावर छापीन.

गेल्या आठवड्यात काकू एकट्या ठाण्याला आल्या. तात्यांना न सांगता, आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसून. मी त्यांना सदूच्या खोलीवर नेले. लाल अलवणाचा पदर सावरत त्या जमिनीवर बसल्या. खिडकीत तो पितळी डबा होता. तो त्यांनी मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "सगळे त्या गावाचं नाव घेऊन मला घालूनपाडून बोलले. गाव कसं होतं, ते कोणी सांगितलं नाही. वाच."

मी वाचले. बोगदे वाचले, कोळणी वाचल्या. रंगवलेल्या खिडक्यांपाशी त्या हसल्या. "वारा कुठून घेत असतील मेले!" लिंबू आले तेव्हा त्यांनी डब्याचे झाकण उघडून वास घेतला. मग शेवटचे वाक्य आले.

"हे सदूचं नाही," त्या लगेच म्हणाल्या. "तो असं ताठ बोलत नसे. हे तुझं."

"हो, काकू."

"त्याला विचारलं होतंस?"

"नाही."

त्यांनी डब्याचे झाकण लावले. मला शिव्या हव्या होत्या. त्या त्यांनी दिल्या नाहीत. त्या उठल्या, मडक्याशी गेल्या. सदू गेल्यावरही हिरूची बायको ते रोज भरते. सवय मोडत नाही, म्हणते. काकूंनी तिलाच हाक मारून विचारले, "अगं, आजचंच ना हे पाणी?" ती दारात घाबरून उभी. "आजचा हाय, पन मीच भरलाय, आय." काकूंनी सदूचे फुलपात्र बुडवले आणि उभ्यानेच सगळे पाणी प्यायल्या.

"हे छाप," तोंड पुसत मला म्हणाल्या. "माझ्या नावानं. तुझं ते वाक्य घाल खुशाल. या वेळी मी सांगते आहे."

म्हणून छापतो आहे. सदाशिवच्या आईने सदाशिवच्या मडक्यातले, मिठागरवाल्यांच्या घरातून भरलेले पाणी स्वखुशीने प्यायले. तात्यांनी हा अंकही पंचांगात ठेवावा. काकू परत कल्याणला गेलेल्या नाहीत. काल मी खोलीवर गेलो तेव्हा त्या पोहे भाजत होत्या. डबा घासूनपुसून खिडकीत उन्हाला ठेवला होता, उघडा.