लवंग, चाफा, चंदन

भूकंपाचे धक्के सुरू झाले त्या हिवाळ्यात ती रोज सकाळी उधव्याच्या नाक्यावर माझ्यासारखीच जीपची वाट बघत उभी असायची. विटलेली साडी, पायात रबरी चपला, आणि अंगाला मात्र शहरातल्या दुकानातला सेंट. आधी लवंगेचा तिखटपणा यायचा, मग चाफा. ती उतरून गेल्यावरही जीपमध्ये चंदन मागे राहायचं.

"एवढं कुणासाठी गं?" एकदा मी जरा खवचटपणेच विचारलं.

तिने पायाशी बसलेल्या आपल्या तांबड्या कुत्र्याकडे बोट दाखवलं. "याच्यासाठी. घर पडला ना बाई, तर मातीखालून आवाज नाय येणार. वास येल."

रोज संध्याकाळी ती सेंट लावलेली चिंधी विटांच्या ढिगाखाली पुरायची आणि कुत्र्याला शोधायला लावायची. हे तिने अगदी शांतपणे सांगितलं. मग माझा हात ओढून मनगटावर दोन थेंब चोळले. "तुमालापण काढंल तो."

मी हसले. पण साबणाने दोनदा हात धुऊनही तो वास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी अंगणात वाल सोलत बसले होते, तेव्हा तो कुत्रा एकटाच आला. मी मनगट पुढे केलं. त्याने हुंगलं, आणि मला ओलांडून थेट उंबऱ्याशी जाऊन पुढच्या दोन्ही पायांनी माती उकरू लागला, घाईघाईने, केकाटत.

मी मागे उभी राहून त्याला हाका मारत होते. तो माझ्या घराखाली मलाच शोधत होता.