मी नापास केलेला वेल्डर

परदेशी कंपन्यांना कुशल कामगार हवे असतात, हे वाक्य मी इतक्या पोरांना ऐकवलं आहे की आता कुणी बोललं तरी तोंड कडू होतं. त्यांना कुशल कामगाराचा कागद हवा असतो. तो कागद मी द्यायचो.

आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवून निवृत्त झालो आणि दोनच महिन्यांत आखातात माणसं पाठवणाऱ्या बुलडाण्याच्या एका एजंटाने मला आपल्या टेस्ट सेंटरवर परीक्षक म्हणून बसवलं. सेंटर म्हणजे देऊळघाटच्या रस्त्याला एक पत्र्याचं शेड, आत चार मशीन आणि दारावर विमानाचं चित्र. एजंट पांढरे बूट घालायचा. वेल्डिंगमधलं त्याला एवढंच कळत होतं की त्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नये. मला न्यायला सकाळी गाडी यायची, शेडमधली माणसं उठून 'सर' म्हणायची. तेवढ्यावर मी विकला गेलो. मोठ्या कशाला तरी भुललो असतो तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं.

परीक्षा अशी असायची. पाइपाचे दोन तुकडे तिरपे अडकवायचे आणि पाइप जराही न फिरवता चहूबाजूंनी जोडायचे. मग त्या जोडातून पट्ट्या कापायच्या, त्यांच्यावर उमेदवाराचा नंबर पोलादी ठशाने ठोकायचा आणि प्रेसमध्ये वाकवायच्या. पट्टी तडकली की नापास. आखातातल्या कंपनीचा साहेब नाकाला रुमाल लावून शेडमध्ये एक चक्कर मारायचा आणि कूलरसमोर जाऊन बसायचा. चक्कर मारताना त्याला दिसायचा एक चामड्याचा कोट, एक हेल्मेट आणि ठिणग्या. हेल्मेटच्या आत कोण आहे, हे विचारायचं त्याला एकदाही सुचलं नाही. हजारो माणसं पारखून घेणाऱ्या साहेबाची ही पारख.

आत दर वेळी एकच माणूस असायचा.

तो माझा जुना विद्यार्थी, जवळच्याच खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातला. इतकी वर्षं शिकवलं, पण तसा हात दुसरा पाहिला नाही. बाकीचे उमेदवार सोनाळ्याचे, संग्रामपूरचे, कुठकुठले. खिडकीच्या ग्रिलखेरीज त्यांनी काही जोडलेलं नव्हतं. नंबर पुकारला की उमेदवार पडद्याआड जायचा. तिथे हा बसलेलाच असायचा. जोड झाला की उमेदवार तोंडावर पाणी मारून, घामाघूम झाल्यासारखा बाहेर यायचा. याला सांगून ठेवलं होतं की सगळ्यांचं झालं की शेवटी तुझा नंबर. त्याला तेलाच्या मोठ्या पाइपलाइनवर काम करायचं होतं. दुसरं काही तो बोलायचा नाही.

पहिल्या खेपेला सोळा जण होते. सोळाही पास. शेवटी त्याच्या स्वतःच्या जोडाची पट्टी मी वाकवली, तिच्यावर केसाएवढी रेघ उमटली नाही. एजंटाने मला शेडमागे नेलं.

"सर, हा गेला तं पुढच्या लॉटचे पाइप कोण मारन? तुमी?"

"त्याचा जोड पास आहे."

"मंग फेल करा ना. परीक्षक तुमी हाय का मी?"

तो हसला. मीही हसलो. सरावातली एक तडकलेली पट्टी भंगारात पडली होती. तिच्यावर मी त्याचा नंबर ठोकला आणि सगळ्यांसमोर निकाल वाचला.

त्याने पट्टी उजेडात धरून उलटसुलट पाहिली. "सर, हे माहीच हाय काय?"

"नंबर वाच."

"नंबर तं माहाच हाय." पट्टीवरून त्याने अंगठा फिरवला. "दुसऱ्यायचे चांगले होते. सोतावर आलं का हात हालते वाटते."

"घाई करतोस तू. सराव कर," मी म्हणालो. त्याच्यापाशी मी घाईवर भाषणही दिलं.

असं तीनदा झालं. मग त्याचं वय कंपनीच्या मर्यादेबाहेर गेलं. तो आमच्या भावकीतला असता, त्याचा बाप किंवा चुलता उद्या माझ्या दारात येऊन उभा राहणार असता, तर मी हे केलं असतं का? नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

गेलेल्यांचं पितळ तिकडे आठवडाभरात उघडं पडलं. पण कंपनीने कुणाला परत पाठवलं नाही. हातात ग्राइंडर दिला, खांद्यावर सिलिंडर दिले. कागदावर वेल्डर आणि कामावर हमाल, हे तिला चांगलंच परवडत होतं. आता तेच लोक सुट्टीत येतात, काळा चष्मा लावून चहाच्या टपरीवर 'आमची साइट' सांगतात, आणि ऐकणारे माना डोलावतात.

यंदा मी त्या माझ्या विद्यार्थ्याच्या दुकानासमोर एसटीची वाट पाहत थांबलो होतो. तो गेट, खिडक्या बनवतो. एक शेतकरी बोअरचा तुटलेला पाइप घेऊन आला.

"दुसरीकडं न्या, भाऊ," तो म्हणाला. "पाइपाचं काम मी घेत नाही. माहा हात नाही बसत पाइपावर."

शेतकरी गेला. मी आत जाऊन त्याला सगळं सांगितलं.

त्याने मशीन बंद केली. "तिन्ही खेपा?"

"तिन्ही."

"मी घरी सांगत होतो, आपल्या हातातच खोट हाय." तो माझ्याकडे पाहत नव्हता. मग पाहिलं. "आता काऊन सांगून राह्यले, सर? वझं झालं काय?"

मी जवळचं स्टूल ओढून बसलो. तो उभाच राहिला.

"मले एकट्याले सांगून काय होते? निकाल तं तुमी साऱ्यायसमोर वाचला होता."

"ती माणसं आता कुठून जमवू?"

"थे तुमचं तुमी पाहा. लिहा कुठी. माहं नाव नका टाकू, ज्याले समजाचं त्याले समजते."

चहाचंही त्याने विचारलं नाही. बरं केलं.

तर निकाल पुन्हा वाचतो. तिन्ही खेपांना जे पास म्हणून गेले, त्यांतल्या एकानेही माझ्यासमोर पाइप जोडलेला नाही. जो शेवटच्या नंबराला नापास झाला, त्याची खरी पट्टी मी तिन्ही वेळा माझ्या हाताने प्रेसमध्ये वाकवली होती. ती तडकली नव्हती.