मोठीमाय आत आली

आमची मोठीमाय महिन्यातले काही दिवस मागच्या वरांड्यात बसून नुसत्या आवाजावर घर चालवत असे. स्वयंपाकघरात शेगडीशी मी असायची आणि भिंतीपलीकडे ती. "तेल तापलं नाई अजून, घाई कावून करून राहिली?" असं तिकडून यायचं, आणि तेल खरोखरच तापलेलं नसे. परातीत कणकेचा गोळा आपटला की आवाजावरून ती पाणी जास्त झाल्याचं सांगे. त्या दिवसांत घरातलं एक भांडंही तिच्या हाताला चालत नव्हतं, पण तिच्या आवाजाशिवाय घरातला एक डबाही उघडत नसे.

ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्या भंडाऱ्याकडे थोरल्या काकूला मोठीमाय म्हणतात आणि थोरल्या काकांना मोठेबाबा. शेती धाकट्या भावावर सोपवून मोठेबाबा पोलादाचा कारखाना उभा राहत असतानाच भिलाईला आले, पुढे भट्टीवर कायम झाले आणि त्यांना सेक्टरमध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. दोन्ही मुलगे नोकरीसाठी बाहेर पडल्यावर मोठीमाय गावी आली आणि मला मागून घेऊन गेली. गावची शाळा सातवीलाच संपत होती. "हिले पुढं शिकू द्या," ती वडिलांना म्हणाली, "माह्या घरात बोलाले कोणी नाई." मी बोलणारी मुलगी नाही हे तिला गाडीतच कळलं. दुर्ग येईपर्यंत आम्हा दोघींच्या वाटचं ती एकटीच बोलली.

आमच्या मागच्या अंगणाला लागून बोरकरबाईंचं अंगण होतं. मध्ये छातीभर उंचीची भिंत. बोरकरबाई नागपूरकडच्या. त्यांच्या घरातल्या सगळ्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्म स्वीकारला होता. दोघींची बोली एक, भाज्या एक, हसणंही एकाच पट्टीतलं. तरी मोठीमाय त्यांच्या घरचं पाणी घेत नसे. भिंतीवरून गप्पा जात, वाटी जात नसे.

मात्र मोठीमाय बाहेर बसली की वाटी जायला लागे. यामागे तिचा स्वतःचा विचार होता. आपण आधीच विटाळलेल्या, आता आपल्याला आणखी काय लागणार? मोठेबाबांना मटण चालत नसे, त्यामुळे आमच्या घरात ते कधी शिजलं नाही. बोरकरबाईंची कलेजी तिने अशीच बाहेर बसल्यावर पहिल्यांदा खाल्ली आणि त्यानंतर त्या दिवसांची ती थोडीशी वाटच पाहू लागली, असं मला वाटतं. एकदा वाटी देताना बोरकरबाई हसत म्हणाल्या, "तुमी चार दिवस बसता, राऊतबाई. आमाले तं जनमभर बसवलं होतं. आमी उठलो. तुमी कधी उठता?" मोठीमायनं तोंडातला घास गिळला आणि विचारलं, "मीठ जरा जास्त झालं का हो आज?"

बाहेर बसायची तिची एक वेगळी चटई होती. दिवस संपले की ती चटई धुऊन भिंतीवर वाळत पडे. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या पुष्कळ घरांत असंच होतं. कोणाची चटई कधी वाळते ते सगळ्या बायकांना न विचारता कळे, आणि कळलं तरी त्यावर कोणी बोलत नसे.

मी मॅट्रिकच्या वर्गात गेले त्या उन्हाळ्यात मोठीमायची चटई भिंतीवर यायची थांबली. त्याआधीचं वर्षभर तिच्या अंगावरून फार जात होतं, पण तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं. तिचं वय पंचेचाळीसच्या पुढे गेलेलं. तिनं मनाशी हिशोब केला की आपण सुटलो. पण सुटल्यासारखी ती दिसत नव्हती. पाण्याची बादली उचलली की धाप लागायची, दुपारी कुठंही टेकली की डोळा लागायचा. आणि तिला शेगडीला लिंपलेल्या मातीचा मोह पडू लागला. बोलता बोलता ती नखानं खपली काढी आणि जिभेवर ठेवी. कच्चे तांदूळ तर पदरात बांधलेलेच असत. वाळत न पडणारी चटई आणि माती खाणारी बाई, दोन्ही गोष्टी लाइनीनं पाहिल्या आणि त्यांचा एकच अर्थ लावला.

समोरच्या पंजाबी बाईंनी पुढाकार घेतला. डोहाळजेवण म्हणजे काय हे त्यांनी इतर मराठी बायकांना विचारून घेतलं, खुर्चीला फुलं बांधली, पुऱ्या तळल्या, आणि लोणच्याची लिंबं चिरायची आहेत असं सांगून मोठीमायला बोलावून नेलं. मी तिच्याबरोबर होते. केसांत गजरा माळेपर्यंत तिला काही उमगलं नाही. मग तिनं त्या खुर्चीकडे पाहिलं, ओटीतल्या खोबऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अवो बायांनो, माह्या सुनेले सातवा लागला. मले नाई."

पंजाबी बाईंचा चेहरा पडला. दारात उभ्या असलेल्या बोरकरबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मोठीमायनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग पुऱ्यांच्या ताटाकडे, आणि गजरा सारखा करून ती खुर्चीत बसली. "गरम आहेत तोवर वाढा," ती म्हणाली, "सुनेच्या वाटचं मी खाऊन घेतो." त्या दुपारी बायका इतक्या हसल्या की रात्रपाळी करून झोपलेले दोन शेजारी उठून बाहेर आले. पुढं कित्येक वर्षं तिला लाइनीत कोणी ना कोणी विचारायचं, "राऊतबाई, बाळ कसं आहे?" आणि ती सांगायची, "शाळेत गेलं."

पण दिवाळीच्या आधी चटई निघाली आणि मग आत जाईचना. चार दिवसांचे आठ झाले, आठाचे पंधरा. मध्ये थोडी उसंत मिळे, की पुन्हा सुरू. तिला घ्यायच्या कापडाच्या घड्या पुरेनात. आणि ती बाहेर म्हणजे मी आत. सकाळचा स्वयंपाक, मोठेबाबांचा डबा, पाणी, भांडी. पहिला तास बुडायचा, मग दुसरा, मग पूर्ण दिवस. वरांड्यातून येणारा आवाजही हळूहळू बारीक झाला. तेल न तापताच मी मोहरी टाकली तरी तिकडून काही येईना, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

एका सकाळी ती नळाशी कोसळली. बोरकरबाई भिंतीवरून चढून आल्या, तिला उचललं आणि रिक्षात घालून आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, नखं पाहिली, मग पडद्यामागे नेऊन नीट तपासलं. पोटात गाठ नव्हती. पाळी जायच्या वयात ती अशी महिनोन्‌महिने दडी मारते आणि मग पुरासारखी येते, पण म्हणून गप्प बसून राहायचं नसतं, असं त्यांनी समजावलं. इतकं रक्त गेलं की अंगातलं लोह संपतं. ते संपलं की धाप लागते आणि मातीही गोड लागते. मोठीमाय हे सगळं लक्षपूर्वक ऐकत होती. तिनं खिडकीतून दिसणाऱ्या कारखान्याच्या चिमण्यांच्या धुराकडे बोट केलं आणि क्षीण आवाजात म्हणाली, "गाव पुरं लोखंडाचं, अन्‌ मलेच नाई?"

रक्त थांबायचं औषध मिळालं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. गोळी चहाबरोबर नको, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या. लाल माठाची भाजी खा, मुनग्याचा म्हणजे शेवग्याचा पाला खा, गूळ-फुटाणे खा, चालत असेल तर कलेजी खा. यावर मोठीमाय गंभीरपणे म्हणाली की कलेजी ती फक्त बाहेर असताना खाते. डॉक्टरीणबाईंना हे काही कळलं नाही. बोरकरबाईंना कळलं आणि त्या भिंतीकडे तोंड करून हसत राहिल्या.

याच सुमारास गावी निरोप पोहोचला होता की पोरगी शाळेत जात नाही, चूल सांभाळते. वडील मला न्यायला आले. चूलच सांभाळायची तर स्वतःच्या घरची सांभाळू दे, असं त्यांचं म्हणणं. एक स्थळही आलं होतं. पुढच्या खोलीत बसून ते मोठेबाबांना हे सांगत होते आणि मोठेबाबा सुपारी कातरत होते. मी शेगडीशी बसून कणीक मळत होते आणि सगळं ऐकत होते. मागच्या वरांड्यात मोठीमायही ऐकत होती. तिचं रक्त अजून पूर्ण थांबलेलं नव्हतं.

मग मला नळाचा आवाज आला. तिनं हातपाय धुतले, आणि उंबरा ओलांडून ती आत आली. भिंतीला हात धरून, थांबत थांबत. माझ्या हातातली परात तिनं ओढून घेतली. दोन पोळ्या लाटल्या आणि धाप लागली, तशी मागच्या दारातून तिनं हाक मारली, "बोरकरबाई, या. पोळ्या लाटाच्या आहेत."

बोरकरबाई दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. आमच्या स्वयंपाकघरात त्या कधी आल्या नव्हत्या. "आत या नं," मोठीमाय म्हणाली, "मीच आत आली, तं तुमाले कोण अडवते?"

एकीनं लाटल्या, दुसरीनं शेकल्या. मग मोठीमायनं स्वतः ताटं नेऊन दोघा भावांसमोर ठेवली आणि दाराला टेकून उभी राहिली. "भाऊजी, मी बाहेरची आहो. पोळ्या बोरकरबाईनं लाटल्या. जेवाचं असन तं जेवा, नसन तं नका जेवू. पण सैपाक आता मी करतो. पोरगी शाळेत जाईन."

वडिलांनी ताटाकडे पाहिलं, मग आपल्या थोरल्या भावाकडे. मोठेबाबांनी आयुष्यात बायकोच्या बाजूनं किंवा विरुद्ध कधी भाषण केलं नव्हतं. तेव्हाही केलं नाही. त्यांनी लाल भाजीचा घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाले, "पोळी मऊ झाली. अजून एक आण." मग वडिलांनीही पोळी तोडली. दुसऱ्या दिवशी ते एकटेच परत गेले.

मोठीमायला अंगात बळ यायला बरेच महिने लागले. पाळी कायमची गेली तेव्हा तिनं लाइनीत जिलबी वाटली, कारण मात्र मोघमच सांगितलं. त्यानंतर तिला एक सवय जडली. घरी आलेल्या कोणत्याही बाईची, ओळख असो वा नसो, ती खालची पापणी ओढून पाही. पांढरी दिसली की तिला दवाखान्यात धाडी, आणि मुनग्याचा पाला बांधून देई. माझ्या लग्नात माझ्या सासूबाईंची पापणी तिनं मांडवातच पाहिली.

मी मॅट्रिक झाले, रायपूरला कॉलेज केलं आणि पुढं आयुष्यभर शाळेत शिकवलं. यंदा थंडीत मोठीमाय गेली. खूप म्हातारी होऊन, झोपेत गेली, त्यामुळे कोणी फार आक्रोश केला नाही. मी काही दिवस नुसती बसून आहे आणि तिचं हसणं आठवते आहे. त्यातूनच हे हळूहळू लिहिलं.

मॅट्रिकच्या त्या वर्षीची एक सकाळ मात्र सांगायची राहिली. माझी परीक्षा चालू होती आणि माझे दिवस आले. सवयीनं मी पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या दाराकडे निघाले. वरांड्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. तिनं आदल्या दिवशी सगळी कोळशाची पोती तिथं रचून ठेवली होती. मी वळून पाहिलं तर ती शेगडीशी बसली होती, माझ्याकडे पाठ करून.

"तिथं आता जागा नाई," ती म्हणाली. "इकडं ये, गरम खा, अन्‌ पेपरले जा."