साडेसहा फुटांचा बीम

माझा साडू छत्तीस वर्षं जमीन मोजणी खात्यात होता. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मोजणीची साखळी परत घेतली. दुसऱ्याच दिवशी त्याने दुकानातून स्वतःची टेप आणली आणि ती शर्टाच्या खिशात ठेवायला लागला. तेव्हापासून आमची इमारत त्याला टेपकाका म्हणते.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. तो चौथ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. त्यामुळे मी त्याला बऱ्याच जवळून पाहिलं आहे, तरी तो मला नीट कळला असं म्हणायची माझी हिंमत नाही.

सोफा घ्यायचा झाला तर तो आधी दार मोजायचा, मग जिना, मग सोफा. गादी आणायच्या वेळी त्याने माझ्या मेव्हणीला फरशीवर आडवं व्हायला लावलं आणि डोक्यापासून टाचेपर्यंत टेप धरली.

"अहो, तीस वर्षं झाली लग्नाला," ती पडल्यापडल्या म्हणाली. "मोजायचंच होतं तर तेव्हाच मोजायचं होतंत!"

"माणूस वयाप्रमाणे कमी होतो," तो म्हणाला आणि आकडा डायरीत लिहून घेतला.

पण त्याचा आकडा म्हणजे आकडा. बांधावरून एकमेकांची डोकी फोडलेले भाऊ त्याने मोजणी सांगितली की मुकाट घरी जायचे. नोकरीत त्याने घर-गाडीपलीकडे फारसं काही जोडलं नाही. जोडलं ते एवढंच, की याने मोजलं म्हणजे पुन्हा मोजायचं कारण नाही. त्याचं हे नाव पणाला लागलं ते त्याच्या गाडीमुळे, म्हणून ती हकीकत सांगतो.

गाडी बावीस वर्षांची, उंच, चौकोनी एसयूव्ही. तिचे शॉकअप कधीचे गेले होते. गतिरोधक ओलांडल्यावर ती तीन वेळा मान हलवून होकार द्यायची. ब्रेक मारला की नाक जमिनीला टेकवू पाहायची, आणि नुसती उभी असली तरी ड्रायव्हरच्या बाजूला कललेली, कुणाचं तरी गुपित ऐकत असल्यासारखी. मेव्हणीने तिच्यात बसणं सोडलं होतं. "मला लागते ती गाडी. जमिनीवर चालून बोट लागते म्हणजे काय!" असं ती सगळ्यांना सांगायची.

शेवटी आम्ही दोघं बाजारामागच्या गल्लीत मिस्त्रीच्या शेडमध्ये गेलो. मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर दिला आणि सोडला. गाडी बराच वेळ डुलत राहिली. मग तो खाली शिरला आणि तेलाने माखलेलं बोट बाहेर काढून दाखवलं.

"शॉकअपमधलं तेल बाहेर आलंय, काका. आणि स्प्रिंगा बसल्यात."

"बसल्यात म्हणजे?"

"म्हणजे दमल्यात. बावीस वर्षं ओझं घेऊन उभ्या आहेत. तुम्ही उभे राहाल का?"

"मग माझ्या बाजूची तेवढी बदल. कललीय ती तिकडेच."

"एक चप्पल नवी आणि एक जुनी घालून फिरता का तुम्ही? बदलीन तर चारही बदलीन. नाहीतर घेऊन जा."

टेपकाकाला असं उत्तर आवडतं. दोन दिवस तो शेडमध्ये टायरवर बसून काम पाहत होता. मिस्त्रीने नवीन स्प्रिंग शिकंज्यात दाबून आखडली, जागेवर बसवली, हळूहळू सैल सोडली, बोल्ट आवळले. जुनी स्प्रिंग नवीच्या शेजारी उभी केली तर ती थोरल्या बहिणीशेजारी धाकटी दिसायची. टेपकाकाने दोन्ही मोजल्या. फरक अडीच इंचांचा. तोही त्याने डायरीत लिहिला.

गाडी बाहेर आली ती ताठ मानेने. गतिरोधकावर एकदाच वाकली आणि लगेच सावरली. टेपकाका इतका खूश झाला की त्याने वाटेत मला दोनदा विचारलं, "साडूबुवा, कळलं का काही? गतिरोधक गेला तो?"

आमच्या इमारतीचं पार्किंग तळघरात. खाली जाणाऱ्या उताराच्या तोंडाशी आडवा काँक्रीटचा बीम आहे आणि त्यावर पिवळ्या पट्ट्यावर काळ्या अक्षरांत लिहिलं आहे: उंची ६ फूट ६ इंच. बारा वर्षं गाडी त्याच्याखालून जात होती. त्या दिवशी ती गेली नाही. टपावरून असा आवाज आला की तळमजल्यावरचे वकील हातातलं वर्तमानपत्र घेऊनच बाहेर धावले.

टेपकाका खाली उतरला. टप पाहिला, बीम पाहिला, पाटी वाचली. गाडीत ठेवलेली कंपनीची पुस्तिका काढून तीही वाचली. गाडीची उंची सहा फूट चार इंच. बीम साडेसहा फूट. मध्ये दोन इंच मोकळी जागा असायलाच हवी.

"याचा अर्थ एकच," तो म्हणाला. "त्याने मोठ्या गाडीच्या स्प्रिंगा घातल्या. फसवलं मला."

"बीम एकदा मोजून पाहायचा का?" मी विचारलं. फार हळू विचारलं असेन.

"बीम मीच मोजलाय," तो म्हणाला.

हे खरं होतं. इमारत ताब्यात घेताना प्रत्येक गोष्ट नकाशाप्रमाणे आहे की नाही हे पाहायचं काम त्याच्याकडे होतं, आणि पाटीवरचा आकडा त्याच्या सहीच्या कागदावरून रंगवला होता. त्यामुळे बीम मोजायचं कुणाच्या मनातही आलं नाही. दारावर पाटी असली की आत कोण राहतं हे कुणी आत जाऊन पाहत नाही, तसंच ते.

गाडी रस्त्यावर ठेवणं त्याला मान्य नव्हतं. कॅरिअर काढलं, एरियल काढली, तरी अर्धा इंच अडायचीच. मग वकिलांनीच युक्ती काढली: गाडीत माणसं बसवा, ती दबेल. तसं केलं. टेपकाका, वकील, वकिलांचा मेहुणा, मेव्हणी आणि मी. मी बसल्याचं गाडीला कळायचं नाही, पण वकील आत आले की ती सुस्कारा टाकून खाली बसायची आणि बीमखालून केसाच्या अंतराने जायची. वर यायचं झालं तरी हीच माणसं गोळा करायची.

"अहो, म्हणजे आता भाजी आणायची तर आधी वकिलांना फोन करायचा?" मेव्हणी म्हणाली. "आणि ते कोर्टात असले तर? आपण उपाशी?"

वकिलांना मात्र ते आवडलं असावं. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या वजनाला कुणीतरी किंमत देत होतं.

इतपत सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण टेपकाका गप्प बसला नाही. जो भेटेल त्याला तो सांगू लागला की मिस्त्रीने चुकीच्या स्प्रिंगा घातल्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर लोकांनी ऐकून सोडून दिलं असतं. पण हे टेपकाका सांगत होता. पंधरा दिवसांत मिस्त्रीच्या शेडसमोरची गाड्यांची रांग आटली.

एके दुपारी मिस्त्री स्वतः आला. हात पुसून आला होता, तरी बसला नाही.

"काका, स्प्रिंगा तुमच्याच गाडीच्या आहेत. खोक्यावरचा नंबर तुम्ही वाचलात. गाडी जमिनीपासून मोजा, बीम मोजा. दोन मिनिटांचं काम आहे."

"मला मोजायला शिकवतोस?"

"शिकवत नाही, काका. सांगतोय." आणि तो गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही.

मेव्हणी नुसती नवऱ्याकडे पाहत राहिली. तिचं ते पाहणं मला माहीत आहे. माझ्याही घरी तसंच पाहतात.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर इमारत वामकुक्षीला पडली होती. मी खाली चष्म्याची दांडी शोधायला गेलो, तर उतारावर टेपकाका स्टुलावर उभा. मला पाहून दचकला. मग म्हणाला, "आलाच आहात तर खालचं टोक धरा."

मी धरलं. सहा फूट साडेतीन इंच. त्याने जागा बदलून पुन्हा मोजलं. तेवढंच. तिसऱ्यांदा मोजलं. मग तो स्टुलावरच बसला.

"इमारत ताब्यात घेतली त्या दिवशी खात्याची टेप गच्चीवर राहिली होती," तो म्हणाला. "मीच गाडी खालून नेली. वर दोन इंच जागा दिसली. गाडी पुस्तिकेप्रमाणे सहा फूट चार इंच. बेरीज केली, साडेसहा. नकाशातही साडेसहा. सही केली."

"तेव्हा गाडी दहा वर्षांची होती," मी म्हणालो.

"आणि अडीच इंच खचलेली. मी पुस्तिका मोजली, साडूबुवा. गाडी मोजलीच नाही."

मी टेपचं खालचं टोक सोडलं.

रविवारी सोसायटीची सभा होती. विषय दोन: पाण्याची टाकी आणि मिस्त्री. सेक्रेटरींनी आधीच ठराव लिहून आणला होता की सभासदांनी त्या गॅरेजपासून सावध राहावं. टाकीचं झाल्यावर ते तो वाचायला उठले, तेवढ्यात टेपकाका उभा राहिला.

"मिस्त्री बरोबर आहे. बीम कमी आहे, अडीच इंच. मी न मोजता सही केली होती."

सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले, "काका, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. खाली चला, मोजून दाखवतो."

"मोजायचं कशाला? नकाशात साडेसहा आहे. सहीच्या कागदावर साडेसहा आहे. पाटीवर साडेसहा आहे. आणि तुम्ही एका टेपच्या भरवशावर..."

"माझीच सही आहे ना ती? मीच सांगतोय, चुकीची आहे."

"तेव्हा तुम्ही नोकरीत होता, काका," कुणीतरी मागून म्हणालं. "त्या सहीला वजन होतं."

वकील उठले. "भावना बाजूला ठेवू. बीम कमी म्हटला की इमारतीच्या पूर्णत्वाच्या दाखल्याचा प्रश्न येतो. तो आला की आपल्या सगळ्यांच्या घरांचा प्रश्न येतो. तेव्हा अडीच इंचांसाठी बत्तीस घरं धोक्यात घालायची का?"

कुणालाच घालायची नव्हती. बीम साडेसहा फुटांचा आहे असा ठराव मांडला गेला आणि मताला टाकला गेला. बीमच्या बाजूने सतरा, विरोधात एक. माझा हात खांद्यापर्यंत वर गेला होता, पण तो मोजला गेला नाही. गॅरेजचा ठरावही त्याच दमात मंजूर झाला. कारण बीम बरोबर म्हटल्यावर कुणीतरी चुकलेलं असायलाच हवं होतं.

जिना चढताना टेपकाका तिसऱ्या मजल्यावर थांबला. म्हणाला, "छत्तीस वर्षं लोकांनी माझं ऐकलं. बीमबद्दल आज पहिल्यांदा मोजून बोललो, तर कुणी ऐकेना."

संध्याकाळी आम्ही शेडवर गेलो. स्वतःच्याच टेम्पोखालून मिस्त्रीचे पाय दिसत होते. टेपकाका त्या पायांशी उभा राहून म्हणाला, "चूक माझी होती. बीम मोजला. तू बरोबर होतास."

"मला माहीत आहे," पाय म्हणाले.

"माफी मागायला आलोय."

पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. "मला सांगून काय होणार, काका? मी बरोबर आहे हे मला पटलेलंच आहे. ज्यांना सांगत फिरलात त्यांना सांगा."

टेपकाकाने डायरी काढली. कुणाला कधी सांगितलं हेही त्याने लिहून ठेवलं होतं. अकरा जण. दुसऱ्या दिवसापासून तो एकेक घर घेऊ लागला आणि सोबतीला मला नेऊ लागला. कुणी हसलं, कुणी चहा पाजला, कुणी म्हणालं की जाऊ द्या हो, एवढं काय. सहावं घर शेजारच्या इमारतीत, निवृत्त ड्रिल मास्तरांचं. त्यांना सगळं सांगून झाल्यावर ते विचारात पडले.

"असं होय? तो चुकीच्या स्प्रिंगा घालतो?"

"घालत नाही. तेच सांगायला आलोय. मी मागे तुम्हाला म्हणालो होतो ना, ते चूक होतं."

"मागे तुम्ही म्हणालात तेव्हा मी श्रवणयंत्र काढलेलं होतं. पण लोक म्हणतात ना तसं?"

"लोक नाही, मी म्हणत होतो."

"तुम्ही म्हणत होतात? मग काहीतरी असणारच. बरं झालं सांगितलंत. मी उद्याच गाडी टाकणार होतो तिथे."

टेपकाकाने कपाळाला हात लावला. मग दोन तास खपून त्याने मास्तरांना स्प्रिंग म्हणजे काय, ती बसते म्हणजे काय, पुस्तिका कशी खोटी ठरते हे चहाच्या कपबशा मांडून समजावलं. तरी मास्तरांची मान आडवीच हलत होती. शेवटी तो म्हणाला, "चला. मी तुमच्या गाडीत बसतो आणि काम होईपर्यंत तिथून हलत नाही. मग तर झालं?"

दुसऱ्या दिवशी तो खरंच सकाळपासून शेडमध्ये बसला. मास्तरांची गाडी जॅकवर चढत होती. टेपकाकाने विचारलं, "मास्तर, तुमच्या पार्किंगची उंची किती?"

"आठ फूट. लिहिलंय तिथे."

"कोणी लिहिलंय?"

गाडीखालून मिस्त्रीचा आवाज आला, "काका, पहिलं गिऱ्हाईक आलंय पंधरा दिवसांनी. त्याला घाबरवू नका."

"घाबरवत नाही, विचारतोय," टेपकाका म्हणाला आणि उठला. "मास्तर, घर इथून काही लांब नाही तुमचं. चालत जाऊन येऊ. हा चाकं काढेपर्यंत होईल आपलं."

दोघं उन्हात निघाले. मी शेडमध्येच थांबलो. थोड्या वेळाने मिस्त्री बाहेर सरकला, त्या दोघांच्या पाठीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसला. म्हणाला, "बसा साडूबुवा. ते लवकर यायचे नाहीत. आठ फूट नक्की नसणार."